अनामिक सैनिक मायदेशी आणताना देश कसा ठरवतात?

सह्यवारा: पहिल्या महायुद्धातला एक अनामिक सैनिक ऑस्ट्रेलियाने १९९३ साली फ्रान्समधून मायदेशी नेला. नावच माहीत नाही, मग तो आपलाच हे कशावरून ठरलं? आणि पुढे काय काय केलं?

दप्तरदार: नाव हरवलं तरी देश कळू शकतो. ओळखपट्टी कुजते किंवा निखळते. खांद्यावरची धातूची अक्षरं, बटणं, बिल्ले मात्र चिखलातही टिकतात. म्हणून काही कबरींवर नाव नसतं, पण ‘ऑस्ट्रेलियन सैनिक’ असं कोरलेलं असतं. व्हिलेर-ब्रेतोनोजवळच्या ॲडलेड दफनभूमीतली अशीच एक कबर निवडली. अवशेष विमानाने नेले. कॅनबेरात जुन्या संसद भवनात अंत्यदर्शन, मग ११ नोव्हेंबरला, म्हणजे पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, युद्धस्मारकात दफन. शवपेटी टास्मानियन ब्लॅकवुड लाकडाची. सोबत संगीन आणि वॉटलची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फुलाची, डहाळी. फ्रान्समधल्या पोझिएरच्या रणभूमीची माती पश्चिम आघाडीवर लढलेल्या एका वृद्ध सैनिकाने वाहिली. पूर्ण सोहळ्यात मला तीच मूठभर माती सर्वांत मोलाची वाटते.

मावळतीकर: निवड घाईने करू नये. अमेरिकेने व्हिएतनाम युद्धातला अनामिक सैनिक १९८४ मध्ये आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरला. १९९८ मध्ये मायटोकॉन्ड्रियल डीएनए (आईकडून येणारा डीएनए) चाचणीत त्याची ओळख पटली, अवशेष कुटुंबाकडे गेले. ते थडगं आजही रिकामंच ठेवलंय, आणि ते योग्यच आहे.

सह्यवारा: मूळ कबरीवरच्या दगडाचं काय होतं?

दप्तरदार: कॅनडाने २००० साली आपला अनामिक सैनिक मायदेशी नेताना तसा दगडही आणला. तो ओटावाच्या युद्ध संग्रहालयात आहे. दर ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजता खिडकीतून ऊन बरोबर त्याच्यावर पडतं.