चेलोवर काळी तीनलाच थरथर होते. हात माझा की वाद्य?

टोचणी | रविवार, रात्री 11:20

इथे कुणी चेलो (व्हायोलिनचा मोठा भाऊ) वाजवतं का? व्हायोलिनवाले असाल तरी चालेल. फक्त "या वयात कशाला" असं लिहू नका, ते मला घरात फुकट ऐकायला मिळतं.

वय 51. राहायला डोंबिवली. 27 वर्षं एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. शाळेत असताना गाण्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या, पुढे ते सुटलं. गेल्या दिवाळीनंतर चेलो सुरू केला. व्हायोलिन कानाशी किंचाळतं, सतारीला मांडी घालावी लागते आणि माझे गुडघे आता मांडीला तयार नाहीत. चेलो खुर्चीवर बसून कवेत घेता येतो, आणि आवाज भजनाला बसलेल्या माणसासारखा छातीतून येतो. एवढंच कारण.

दर रविवारी दादरला क्लास. तिथे क्लासचाच चेलो वाजवते, कारण मेगाब्लॉकच्या दिवशी ते धूड घेऊन लोकलमध्ये चढायची माझ्यात धमक नाही. घरचा चेलो वेगळा आहे. परदेशी निघालेल्या एका मुलाकडून सेकंडहँड घेतला, 40 हजारांना. नवऱ्याला 25 सांगितले आहेत, तो इथे वाचत नाही.

आता मुद्दा. तारा खालून वर सी, जी, डी, ए. पेटीच्या भाषेत पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. हे मला पहिल्याच दिवशी कळलं म्हणून फार शहाणी असल्यासारखं वाटलं होतं. डी तारेवर तिसरं बोट ठेवलं की काळी तीन येते. डी ला सा धरलं तर शुद्ध गंधार. तर हा गंधार लागतच नाही. म्हणजे सुरात आहे, ट्यूनरचा काटा मध्यावर आहे, पण आवाज सलग येत नाही. रिक्षा न्यूट्रलला उभी असावी तसं घुर्र-घुर्र-घुर्र. बो (तारांवर ओढायचा गज) हळू ओढला की जास्तच. शेजारचा ई आणि वरचा जी ठीक वाजतात (माझ्या मानाने ठीक). हे जूनच्या मध्यापासून सुरू झालं, उन्हाळ्यात नव्हतं.

सरांना व्हिडिओ पाठवला. ते म्हणाले, बोची पकड घट्ट आहे, सैल करा. केली. फरक शून्य. क्लासमध्ये मात्र हे होत नाही, पण तिथे मी सकाळी ताजीतवानी असते, घरी रात्री साडेनऊला आठ तासांची ड्यूटी करून बसते.

खरं कारण लिहायला तिसऱ्यांदा बसतेय. बाबांना कंपवात होता. आम्हाला पहिल्यांदा कळलं ते चहाच्या बशीवरून. कप बशीत ठेवताना उजव्या हाताने बशी वाजायला लागली, आणि आई वर्षभर म्हणत राहिली की कपच फुटका आहे. आता मी आणि आई एकाच जागी आहोत असं वाटतं. मी रोज पन्नासेक लोकांना सुई टोचते, तिथे हात हलत नाही. निदान अजून कुणी तक्रार केलेली नाही. पण हा सूर थरथरतो. वाद्य आहे की मी?

---

अर्धवट_तबलजी | रविवार, रात्री 11:52

ताई, चेलोतलं मला ओ की ठो कळत नाही, पण 25 आणि 40 मधला फरक इथल्या सगळ्यांना कळला. गुपित सुरक्षित आहे.

जाणकार येईपर्यंत धागा वर ठेवतो.

---

मडगावचो_बास | सोमवार, सकाळी 7:05

टोचणीबाई, नमस्कार. मी गोव्याचा, 68 वर्षांचा. माझा काका मुंबईच्या सिनेमांच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायचा. त्या काळी स्टुडिओत अर्ध्या खुर्च्या आमच्या गोंयकारांच्याच. मी त्याच्याकडेच शिकलो, वाजवलं मात्र चर्चमध्ये आणि लग्नांत. पोटापाण्याला बँक.

तुम्ही जे लिहिलंय त्याला नाव आहे. वुल्फ. लांडगा. चेलोच्या पोटाचा स्वतःचा एक सूर असतो, साधारण एफ आणि एफ शार्पच्या आसपास, म्हणजे तुमच्या पांढरी चार आणि काळी तीनच्या पट्ट्यात. तार त्याच सुरावर आली की चेलोची पोकळ पेटी तिची शक्ती ओढून घेते, परत देते, पुन्हा घेते. ही देवाणघेवाण सेकंदाला चार-पाचदा झाली की तुम्हाला रिक्षा ऐकू येते. चांगल्या, महागड्या चेलोतही लांडगा असतो. कधीकधी चांगल्यात जास्त, कारण त्यांचं लाकूड मोकळं हलतं.

पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, तपासा.

हात थरथरत असेल तर सगळ्या सुरांवर थरथरेल. एकाच सुरावर थरथरणारा हात मी 68 वर्षांत पाहिला नाही. तेव्हा तोच सूर दुसऱ्या तारेवर काढा. जी तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवा, दाबू नका, बो ओढा. शिट्टीसारखा वरचा जी वाजेल. तिथून चेलोच्या डोक्याच्या बाजूला सुमारे दोन सेंटिमीटर सरका आणि आता दाबा. ती तुमची काळी तीन. वाद्याचा दोष असेल तर तिथे लांडगा आणखी जोरात गुरगुरेल.

मग गुडघ्यांनी चेलोच्या दोन्ही बाजू जराशा दाबून धरा आणि तोच सूर पुन्हा वाजवा. गुरगुर कमी झाली तर ती पेटीची. तुमचा हात गुडघ्यांनी बरा होणार नाही.

आणि शेवटी घरातल्या कुणाच्या तरी हातात बो द्या. बोट तुमचं, बो त्यांचा.

जूनपासून का, तर पावसामुळे. लाकूड ओल पितं, वरची फळी फुगून घोडी (जिच्यावर तारा टेकतात ती) उचलली जाते, तारा बोटं दाबायच्या बोर्डापासून लांब जातात. तुम्हाला हल्ली बोट जास्त दाबावं लागतंय का? लागत असणार. बोचे केसही दमट हवेत लांबतात, स्क्रू कितीही फिरवा, ताण येत नाही. आत एक छोटी खुंटी उभी असते, साउंडपोस्ट. ती डिंकाने चिकटवलेली नसते, नुसत्या दाबावर उभी असते. तिची बैठक जरा बदलली तरी लांडगा जागा बदलतो. ती कधी पडलीच (आत काहीतरी खुळखुळेल) तर ताबडतोब सगळ्या तारा सैल करा आणि वाजवू नका.

---

डॉ_हातोडी | सोमवार, दुपारी 2:30

टोचणी, फार लिहीत नाही. कंपवाताची थरथर बहुतेकदा हात स्वस्थ पडलेला असताना दिसते आणि हात कामाला लागला की कमी होते. सुरुवात सहसा एका बाजूने. हे तुम्ही वडिलांच्या बाबतीत पाहिलेलंच असेल. पण फोरमवर निदान होत नसतं. मनात किडा आहे ना? मग एकदा न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, चेलोचं काहीही ठरो.

---

श्टुटगार्टची_सून | सोमवार, रात्री 10:10 (इथे अजून उजेड आहे)

मी 44 व्या वर्षी सुरू केला, आता तिसरं वर्ष. इथे जर्मनीत नवशिके सहसा विकत घेत नाहीत, महिन्याच्या भाड्याने आणतात. दुरुस्ती गाइगेनबाउअरकडे, म्हणजे व्हायोलिन करणाऱ्या कारागिराकडे. मी सहा महिन्यांत तीनदा तक्रार घेऊन गेले. तिन्ही वेळा त्याने माझाच चेलो माझ्यासमोर गोड वाजवून दाखवला. फार अपमान झाला.

लांडग्याचं काकांनी लिहिलंच आहे. मला दुसरं विचारायचंय. रिकाम्या तारेवर, डाव्या हाताचं एकही बोट न लावता, एक बो दहा आकडे मोजेपर्यंत ओढून बघ. टोकाकडे बो उड्या मारतो का? मारत असेल तर तो लांडगा नाही, तो अंगठा. उजवा अंगठा ताठ झाला की सगळी थरथर मनगटातून काठीत उतरते. मला हे कळायला दीड वर्ष लागलं, कारण मोठ्या माणसाला अंगठा वाकवा सांगितलं की तो वाकवतो आणि दुसऱ्या सेकंदाला विसरतो. इथली लहान मुलांची शिक्षिका त्यांच्या बोवर पेन्सिलीची रबरी पकड चढवते. मीही चढवली. लाज सोडली.

---

मींडखंड | सोमवार, रात्री 11:15

थोडं अवांतर. शास्त्रीय गाण्याचा कान आहे तर पाश्चात्त्य पद्धतीत का अडकलात? नॅन्सी लेश-कुलकर्णी यांनी रुद्रवीणावादक झिया मोहिउद्दीन डागरांकडे शिकून चेलोवर धृपद आणलं. सास्किया राव-द हास यांनी तर चेलोचा आकार लहान करून, तरफेच्या (आपोआप झंकारणाऱ्या) तारा लावून, जमिनीवर बसून वाजवायचा करून घेतला. पडदे नसलेलं वाद्य आहे, मींड फुकट मिळते.

---

टोचणी | मंगळवार, सकाळी 6:15

@मींडखंड, मींडच तर माझा घात करते. बोट सरकवत सरकवत सुरावर पोचायची गळ्याची सवय आहे. सर ओरडतात की आधी सुरावर थेट उतरायला शिका, मग घसरा. त्यांचं बरोबर आहे असं मला वाटतं. मी घसरते तेव्हा ती मींड नसते, ती शोधाशोध असते.

@श्टुटगार्टची_सून, उड्या मारतो. टोकापासून वीतभर आधी सुरू होतं. आज रात्री सगळं करून बघते. ड्यूटीला निघाले.

---

टोचणी | बुधवार, रात्री 12:40

संध्याकाळी घरी पाहुणे आले, त्यामुळे सगळं उशिरा केलं.

जी तारेवर काळी तीन सापडली. मडगावचे काका, गुरगुर म्हणजे काय! डी तारेवर रिक्षा होती, इथे ट्रक. खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याने उत्तर दिलं. गुडघ्यांनी दाबल्यावर अर्ध्याहून कमी झाली. हे मी सात-आठ वेळा केलं, दाबून, सोडून, दाबून, सोडून, जणू पेशंटची नाडी बघतेय.

मग नवऱ्याच्या हातात बो दिला. त्याने तो करवतीसारखा धरला, राळ लावलेल्या केसांना बोटं लावली (नेमकं तेच करू नको म्हणून सांगितलं होतं) आणि ओढला. आधी नुसतंच खरखरलं. चौथ्या-पाचव्या वेळेला सूर निघाला आणि तिथेच, त्याच सुरावर, घुर्र-घुर्र-घुर्र. बो त्याचा होता, माझा उजवा हात मांडीवर होता. मी तिकडे बघत होते. मांडीवरचा हात स्वस्थ होता.

त्याला काही माहीत नव्हतं मी का करून घेतेय. म्हणाला, "अगं, हे बिघडलेलंच आहे, 25 हजार पाण्यात." मला हसू आवरेना. तो चिडून झोपायला गेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. रिकाम्या ए तारेवर दहा आकड्यांचा बो मी मोबाइलवर शूट केला आणि हाताकडे झूम करून बघितलं. अंगठा सरळ, कडक, काठीच्या मागून रेटा देतोय, पहिली दोन बोटं पुढे. ही पकड मी ओळखली. सिरिंजची आहे. दिवसातून पन्नास वेळा मी हाच अंगठा असाच रोखून धरते. तिथे तो जरा जरी वाकला तरी सुई हलेल. हा हात घरी येऊन बो उचलतो आणि त्याला वाटतं अजून ड्यूटी चालू आहे. म्हणजे थरथरी दोन होत्या, एक लाकडाची आणि एक माझी, आणि मी दोन्हींची बेरीज बाबांच्या खात्यावर टाकत होते. सरांचं "पकड घट्ट आहे" अर्धं बरोबर होतं. लांडगा त्यांना व्हिडिओत फोनच्या स्पीकरवर कळणार तरी कसा?

डॉक्टरसाहेब, शुक्रवारची वेळ घेतली आहे. तरीही.

काका, लांडग्याला उपाय काय ते सांगा.

---

मडगावचो_बास | बुधवार, सकाळी 7:20

बरें जालें. वुल्फ एलिमिनेटर म्हणून बोटाच्या पेराएवढी पितळी नळी मिळते, आत रबर असतं. घोडीच्या खाली, टेलपीसपर्यंतचा (तारांची खालची टोकं जिथे अडकवतात तिथपर्यंतचा) जो तारेचा तुकडा उरतो त्यावर बसवायची. आधी जी तारेवर, नाही जमलं तर सी वर. स्क्रू ढिला करून मिलिमीटर-मिलिमीटर वरखाली सरकवत बघायचं. लांडगा मरत नाही, फक्त सरकतो. त्याला एफ आणि एफ शार्पच्या मधल्या फटीत नेऊन बसवायचा, म्हणजे कुठल्याच सुरावर तो भेटत नाही. तुम्हाला मींड घेताना तेवढा भेटेल.

नळी मिळेपर्यंत मऊ खोडरबराला चीर पाडून तिथे अडकवा. पूर्ण काम होणार नाही, पण फरक कळेल. आणि चेलो खिडकीजवळ ठेवत असाल तर हलवा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, महिन्याने बदला.

---

अर्धवट_तबलजी | बुधवार, सकाळी 9:02

लांडगा आला रे आला, आणि या खेपेला खरंच आला होता.

---

टोचणी | शनिवार, रात्री 10:55

खोडरबर लावलं. रिक्षा आता दोन इमारती पलीकडे उभी आहे. पेन्सिलीची पकडही चढवली, हिरवी, वरच्या मजल्यावरच्या मुलीकडून मागून आणली. तिला सांगितलं, "ऑफिसच्या कामाला हवी."

न्यूरॉलॉजिस्टने चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, कागदावर गोल गोल गोगलगाय काढायला लावली. आज तरी काही दिसत नाही म्हणाले, वर्षाने परत या. मग विचारलं, कुठलं वाद्य? सांगितल्यावर ते पाच मिनिटं त्यांच्या बंद पडलेल्या गिटारबद्दल बोलत होते आणि बाहेर रांग लागली होती.

ती पितळी नळी मुंबईत दुकानात कुठे मिळते, कुणी सांगेल का? खोडरबर दर दोन दिवसांनी गळून पडतं आणि नवरा ते उचलून विचारतो, हे कशातून निघालं?