मदत हवी आहे: लेकीच्या चित्रांची आता काळजी वाटते
माझी मुलगी १५ वर्षांची, दहावीत. लहानपणापासून चित्रं काढते, आम्हाला कौतुकच होतं. पण जूनमध्ये तिची आजी गेली, तेव्हापासून शाळेतून आली की दार लावून रात्री दोन-दोनपर्यंत काढत बसते. जेवणाचं ताट झाकलेलं तसंच. मैत्रिणींचे फोनही घेत नाही. तिला न विचारता वही पाहिली, चुकलंच माझं. पानोपानी आजीची रिकामी आरामखुर्ची, पेन्सिल इतकी दाबलेली की कागद फाटलाय.

हे म्हणतात, बोर्डाचं वर्ष आहे, वही काढून घे. मला पटत नाही, तिला तेवढाच आधार उरलाय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर उद्या मीच फोन करणार आहे. कुणी यातून गेलंय का? समुपदेशकाकडे यायला मुलांना कसं तयार केलंत? आजीचा विषय मी काढू, की ती बोलेपर्यंत थांबू?