पलीकडच्या वावरातून रानडुकरं येतात

संत्रावाला_काटोल: हरभरा घाट्यावर आला अन् नाल्यापलीकडच्या पडीक वावरातून रोज रात्री डुकरं येऊन राहिली. मालक नागपुरात राहतो, झुडपं काढत नाही, वरून म्हणतो, "तारेत करंट सोडा." शिकारी बोलवू का?

धुरेकरी: करंट बिलकूल नको भाऊ! अशा तारांनी विदर्भात वाघ मेले, माणसंही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं विनापरवाना शिकार गुन्हाच आहे. नुकसानीचा अर्ज वनविभागाकडं लगेच टाका, पंचनामा होतो.

तूरवाला: सोलरचं झटका मशीन लावा, त्याचा तारेतला झटका क्षणभराचा असतो, जीव घेत नाही. खालची तार वीतभर उंचीवर ठेवा. तारेला गवत टेकलं की झटका कमी होतो. आमच्या शेजाऱ्यानं अर्धा खर्च दिला.

संत्रावाला_काटोल: आमचा पलीकडचा मालक चहा पाजत नाही, मशीनचे काय देईल! झुडपं तोडू दे, एवढंच मागतो.