मदत हवी आहे: ऑफिसचे ९ ग्रुप, टीम्स आणि सीसीचा पूर कसा आवरायचा?

वहीवाला: खरेदी-डिस्पॅच विभाग, चाकण एमआयडीसी, १४ माणसं. व्हॉट्सअ‍ॅपचे ९ ग्रुप, वर टीम्स, शिवाय आउटलुकला रोज दीडशेच्या आसपास मेल. निम्म्याहून जास्त नुसत्या सीसी, म्हणजे फक्त माहितीसाठी आलेली प्रत. ग्रुप म्यूट केले की गाडी अडल्याचा निरोप हुकतो, चालू ठेवले की 'ओके सर', 'नोटेड सर'ची रांग. सीसी बाजूला काढायला आउटलुकमध्ये रूल लावला, तर व्हेंडरच्या कामाच्या मेलच गायब व्हायला लागल्या. नवीन अ‍ॅपला मंजुरी नाही. आहे त्यात काय करता येईल? जाणकारांनी सांगावं.

खटपट्या: रूलमध्ये 'माय नेम इज नॉट इन द टू बॉक्स' ही अट निवडली असणार. व्हेंडर 'टू'मध्ये परचेसचा सामाईक पत्ता टाकतात, तिथे तुमचं नाव नसतंच. म्हणून रूल त्या मेलही उचलतो. त्याऐवजी 'माय नेम इज इन द सीसी बॉक्स' घ्या. अपवादात साहेबांचा पत्ता आणि विषयात 'तातडी' हा शब्द. तो फोल्डर ११ला आणि साडेचारला उघडायचा, मध्ये नाही. मग फाइल > ऑप्शन्स > मेलमध्ये 'मेसेज अरायव्हल'खालच्या टिका काढा, म्हणजे मेल आल्याची टिंगटिंग बंद.

सगळ्यांना परिपत्रक पाठवताना पत्ते बीसीसीत घाला. कुणी 'रिप्लाय ऑल' दाबलं तरी उत्तर पाठवणाऱ्यालाच जातं.

दुपारचा चहा: म्यूट नंतर करा. तातडीचा निरोप कुठून येणार हे आधी ठरवल्याशिवाय कुणाची म्यूट करायची छाती होत नाही, आणि झाली तरी दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघणं काही सुटत नाही.

गाडी अडली, लाइन थांबली, अपघात: या तिन्हीला मेसेज नाही, साधा कॉल. उचलला नाही तर लगेच दुसरा. फोन 'डू नॉट डिस्टर्ब'वर ठेवून त्यात 'रिपीट कॉलर्स' चालू करा (आयफोनवर 'अलाऊ रिपीटेड कॉल्स'). एकाच नंबरचा दुसरा कॉल अँड्रॉइडवर १५ मिनिटांच्या आत आणि आयफोनवर ३ मिनिटांच्या आत आला तर वाजतो. फोन नुसता सायलेंट केलात तर दुसराही वाजणार नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते.

शाई संपली: आता ग्रुप. नऊपैकी जे फक्त सूचनांचे आहेत त्यांत ग्रुप परमिशन्समधून मेसेज पाठवायची मुभा अ‍ॅडमिनपुरती करा. 'नोटेड सर' तिथेच संपतं. कामाच्या ग्रुपवर पोच द्यायची तर अंगठा. रिअ‍ॅक्शनची सूचना फक्त मूळ मेसेज टाकणाऱ्याला जाते. बाकीचे ग्रुप 'ऑलवेज' म्यूट करून आर्काइव्ह.

आणि मेसेज लिहायची पद्धत. 'सर', 'आहात का?', 'ते ६० नग निघतील का?' म्हणजे तीन वेळा टिंगटिंग, आणि पीओ (परचेस ऑर्डर) कुठला ते विचारायला चौथा मेसेज. एकदाच लिहा: 'पीओ ४४७१, उरलेले ६० नग आज ४च्या गाडीत बसतील का? हो/नाही, २ पर्यंत सांगा.' हा नमुना ग्रुपच्या वर्णनात चिकटवून ठेवा. आठवडाभर 'पीओ?' एवढंच उत्तर दिलंत की लोक आपोआप वळणावर येतात.

वहीवाला: अट 'नॉट इन'चीच निघाली, बदलली. साहेब रात्री ११ला टीम्सवर लिहितात, त्याचं काय? कायदा वगैरे आहे का?

खटपट्या: फ्रान्समध्ये आहे, १ जानेवारी २०१७पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, कायदा झाला नाही. साहेबांना सेंडच्या बटणावर राइट क्लिक करून 'शेड्यूल' दाखवा: सकाळी ९ची वेळ टाकायची. 'रात्री लिहू नका' म्हणण्यापेक्षा हे पचतं. तुमच्याकडून टीम्सच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये 'क्वाएट टाइम' लावा.

वहीवाला: छान. ड्रायव्हर मात्र रोज वेगळे, नंबर सेव्ह नसतात. दुसरा कॉल वाजेल ना?

दुपारचा चहा: वाजेल, सेव्ह असायची गरज नाही. मात्र दोन्ही कॉल एकाच नंबरवरून हवेत. दोन सिमवाल्यांना हे गेटपास देतानाच सांगा.