मदत हवी आहे: बायोचारची चाचणी शेतकऱ्याच्या रानात, आखणी कशी करावी?

पिकांचे अवशेष आणि जंगलातल्या विरळणीचं (दाटी कमी करायला काढलेल्या झाडांचं) लाकूड यांपासून बायोचार (अगदी कमी हवेत तापवून केलेला कोळसा) करून तो शेतात वापरायचा, यासाठी शेतकरी, वनव्यवस्थापक आणि संशोधक यांना एकत्र आणायचं काम मी करतो. इच्छा तिघांचीही आहे. गाडी अडते ती चाचणीच्या आखणीवर.

संशोधकांना प्रत्येक शेतात लहान वाफे आणि तीन-चार पुनरावृत्ती (तीच तुलना वेगवेगळ्या वाफ्यांत पुन्हा) हव्यात. शेतकरी विचारतात, एवढे तुकडे पाडल्यावर पेरणी-कापणी करायची कशी? त्यांना सरळ दोन पट्टे चालतील: एक बायोचारचा, एक नेहमीचा. मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. विरळणी दरवर्षी होत नसल्याने लाकूडही सलग मिळेलच असं नाही.

‘मदर-बेबी’ पद्धत सुचवून पाहिली: सगळे पर्याय पुनरावृत्तीसह मध्यवर्ती प्रक्षेत्रावर, शेतकऱ्यांकडे त्यातले मोजकेच. सगळे राजी झाले, पण शेताशेतांतल्या मातीत फार फरक आहे. माती परीक्षण झालंय. बायोचार बहुधा मातीचा सामू (पीएच) वाढवतो, म्हणून आधीच जास्त सामू असलेली शेतं वगळली आहेत. तो कंपोस्टमध्ये मुरवूनच टाकणार आहोत, नाहीतर सुरुवातीला नत्र धरून ठेवू शकतो. पैशांची अडचण नाही, मजूर मात्र कमी आहेत.

प्रत्येक शेत हीच एक पुनरावृत्ती धरली आणि शेतात दोनच पट्टे ठेवले, तर निष्कर्ष ग्राह्य ठरायला किमान किती शेतं लागतील? आणि बायोचारच्या पट्ट्यात उत्पादन घटलं तर भरपाई कोण देणार, हे कोणी लेखी करारात घातलंय का? ते कलम कसं लिहिलंत?