नवे डॉक्स, मेलेल्या लिंका: तुमचे अनुभव सांगा

परवा रात्री साडेअकराला आमची एक सर्व्हिस आडवी झाली. कारण माहीत होतं, कनेक्शनचा टाइमआउट. कुठली सेटिंग बदलायची तेही तीन वर्षांपूर्वीच शोधून कोडमध्ये कॉमेंट टाकून ठेवलं होतं, डॉक्सच्या (म्हणजे सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते सांगणाऱ्या ऑनलाइन माहितीपानांच्या) लिंकसकट. लिंकवर क्लिक केलं तर 'नव्या डॉक्समध्ये स्वागत!' आणि खाली तीन ढब्बू बटणं: सुरुवात करा, शिका, घडवा. रात्री साडेअकराला मला काहीएक घडवायचं नव्हतं. शोधपेटीत सेटिंगचं नाव जसंच्या तसं टाकलं, तर त्या कंपनीच्या ब्लॉगवरचे लेख आले. शेवटी वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, जुनं पान सापडलं. दुरुस्तीला पाच मिनिटं, पान शोधायला पाऊण तास.

साइटचं नाव मुद्दाम देत नाही. तुम्हीही देऊ नका, नाहीतर तिसऱ्या प्रतिसादात 'ती भाषाच भिकार' सुरू होईल. नेमकं काय मोडलं आणि तुम्ही काय केलंत, एवढं लिहा. मनसोक्त चिडायला परवानगी आहे.

* * *

तुमच्या लिंका निदान मेल्याचं कळलं तरी. आमच्या सगळ्या जिवंत दिसत होत्या! कुठलीही जुनी लिंक उघडा, मुखपृष्ठ येतं आणि स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक'. टीमच्या विकीवरच्या लिंका तपासणारी स्क्रिप्ट चालवली, तिने सगळं हिरवंगार दाखवलं. सरळ ४०४ ('पान सापडलं नाही') दिलं असतं तर उपकार झाले असते.

दुसरी गंमत #ची. यूआरएलमध्ये # नंतर जे असतं ते ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. म्हणजे एका लांबलचक पानाचे चाळीस तुकडे केले, की वाचणाऱ्याला त्यातल्या कुठल्या मुद्द्यावर जायचं होतं हे सर्व्हरला कळायची सोयच नाही. रिडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणं) कितीही लावा. जुन्या पत्त्यावर एक छोटी स्क्रिप्ट ठेवून हे जमवता येतं, पण कुणीतरी बसून जुन्या-नव्याची यादी करायला हवी ना. चांगल्या पानाचा पत्ता बदलू नये हे टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय. वेब ज्यांनी काढलं त्यांचंच कुणी ऐकत नाही, तर आपलं कोण ऐकणार.

* * *

कंट्रोल-एफ. बास, एवढंच म्हणतो. समोर शब्द दिसतोय आणि खालच्या टॅबमधला तोच शब्द शोधाला सापडत नाही, कारण टॅब उघडलेला नाही.

* * *

आमच्याकडे नुकतीच लागलेली एक मुलगी दुपारभर एका कमांडशी झगडत होती. डॉक्समधून कॉपी, टर्मिनलमध्ये पेस्ट, एरर. पुन्हा तेच. विचारायला आली तेव्हा रडायच्या बेतात होती, 'सर, साधं इन्स्टॉलही जमत नाही मला.' शेजारी बसलो. मलाही काही दिसेना. टर्मिनलचा फॉन्ट दुप्पट केला तेव्हा उजेड पडला: नव्या थीमने कोडमधली सरळ अवतरणचिन्हं गोलाकार करून टाकली होती, आणि ऑप्शनच्या आधीचे दोन हायफन जुळून एक देखणी लांब रेघ झाली होती. छापील पुस्तकात शोभली असती. शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, मात्र ते ऑप्शन आहे हेच कळत नव्हतं.

तिला म्हटलं, तुझं काही चुकलेलं नाही. पण तिची दुपार गेली ती गेलीच.

* * *

मी स्क्रीन रीडर वापरतो, स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. माझा एनव्हीडीए; त्यात एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी मारता येते. जुन्या डॉक्समध्ये मी असाच भराभर फिरायचो. नव्या साइटवर शीर्षकं फार ठसठशीत दिसतात म्हणे. असतील. एचटीएमएलमध्ये ती नुसती डिव्ह, म्हणजे साधे कप्पे, आहेत, मोठ्या अक्षरातली. एच दाबलं की उत्तर येतं, पुढे शीर्षक नाही. मग पान पहिल्या ओळीपासून ऐका, आणि त्याआधी साइडबारमधल्या झाडून सगळ्या लिंका ऐका. प्रत्येक पानावर.

तक्रार नोंदवली. उत्तर आलं, नवा डार्क मोड वापरून पाहिलात का?

* * *

मी पलीकडच्या बाजूची. तांत्रिक लेखन करते, अशाच एका रीडिझाइनमध्ये होते, शिव्याही खाल्ल्या आहेत.

जुन्या पत्त्यांवरून नव्यांवर नेणारी यादी आमच्याकडे होती, एका शीटमध्ये. पण साइट खुली करायची तारीख आधीच जाहीर झालेली, त्यामुळे जास्त वाचली जाणारी पानं आधी घेतली. एरर कोडची पानं तळाला गेली आणि तिथेच राहिली. वर्षात चार वेळा उघडलं जाणारं पान, पण उघडणाऱ्याचा जीव त्या क्षणी टांगणीला लागलेला असतो. आकड्यांत ते कुठे दिसणार?

नंतर तर कळसच. साइट बदलल्यावर पानं उघडण्याचं प्रमाण वाढलं. वाढणारच, एका उत्तरासाठी लोक सहा पानं धुंडाळत होते. बैठकीत तो चढता आलेख यश म्हणून दाखवला गेला, टाळ्या पडल्या. मी गप्प बसले, ते अजून खुपतं.

* * *

पोस्टग्रेस या डेटाबेसचे डॉक्स पाहा. दिसायला अगदी कंटाळवाणे. पण आवृत्तीचा आकडा यूआरएलमध्येच, आणि पानाच्या माथ्यावर तेच पान बाकीच्या आवृत्त्यांत उघडायच्या लिंका. मी ज्यावर चिडलोय त्या साइटवर आवृत्ती बदलली की थेट मुखपृष्ठावर फेकतात.

* * *

युनिक्सचं पहिलं मॅन्युअल १९७१चं. मॅन पेज, म्हणजे त्या मॅन्युअलचं पान, आजही नेटशिवाय उघडतं, त्याला कुकीची परवानगी लागत नाही, कोपऱ्यातून 'मी मदत करू का' म्हणत चॅटबॉट डोकावत नाही. म्हातारा म्हणा हवं तर. मी आता डॉक्सची रेपोच (मूळ फायलींचा साठा) क्लोन करून ठेवतो आणि मार्कडाउन फायलींवर ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) मारतो. साइटकडे फिरकतच नाही.

* * *

(धागाकर्ता) ग्रेपची युक्ती आजच उचलली. तांत्रिक लेखनवाल्या ताई, त्या शीटचं पुढे काय झालं?

* * *

माझ्याकडेच आहे. शुक्रवारी संध्याकाळी वेळ मिळाला की चार-पाच ओळी भरते. सांगितलेलं नाही कुणी.