डी.फार्म.नंतर थेट द्वितीय वर्ष बी.फार्म.: नोकरी, केमिस्ट्री आणि लायसन्सवरचे नाव

उमरेडकन्या (प्रश्न)

नमस्कार. मी डी.फार्म. (फार्मसीची पदविका) उत्तीर्ण झाले असून राज्य फार्मसी कौन्सिलकडे माझी नोंदणी आहे, आणि सध्या नागपुरात मेडिकल चौकाजवळच्या एका औषध दुकानात काम करते. दुकानाच्या लायसन्सवर फार्मासिस्ट म्हणून माझेच नाव आहे. यंदा बी.फार्म.च्या (फार्मसीच्या पदवीच्या) थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घ्यावा असा विचार आहे. परंतु तीन गोष्टींवर अडले आहे.

पहिली गोष्ट नोकरीची. मालक म्हणतात की कॉलेज सांभाळून संध्याकाळी दुकानात येत जा आणि लायसन्सवरचे नाव आहे तसेच राहू दे. पगार थोडा कमी होईल, इतकेच. घरची परिस्थिती पाहता मला हा प्रस्ताव बरा वाटतो. दुसरी गोष्ट अभ्यासाची: बारावीला माझ्याकडे गणित नव्हते, जीवशास्त्र होते, आणि डी.फार्म.मध्ये ऑरगॅनिक केमिस्ट्रीची तोंडओळखच झाली. थेट तिसऱ्या सत्रात बसल्यावर निभाव लागेल का? तिसरे म्हणजे, तीन वर्षे घालवून हाती नेमके काय येते? दुकानातल्या अनुभवी मंडळींच्या मते काउंटरवर डी.फार्म. आणि बी.फार्म. सारखेच. उमरेडहून रोज ये-जा करावी लागेल, हेही लक्षात घेऊन कृपया सांगावे.

अमरावती रोड

मी स्वतः डी.फार्म.नंतर थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेतला होता आणि आता एका औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

काउंटरपुरते पाहिले तर तुमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. नोंदणी दोघांचीही होते आणि चिठ्ठीवरचे औषध दोघेही देऊ शकतात. फरक पडतो तो काउंटर सोडल्यावर. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्यानुसार गोळ्या-इंजेक्शनांचे उत्पादन ज्या सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते, तिच्या पात्रतेत फार्मसीची पदवी आणि पदवीनंतरचा किमान १८ महिन्यांचा उत्पादनाचा अनुभव हा पहिला मार्ग सांगितला आहे. पदविकाधारकाला ते दार उघडत नाही. औषध निरीक्षकाच्या पदासाठीही पदवीच लागते. एम.फार्म. (पदव्युत्तर पदवी) करायचे तर जीपॅट ही परीक्षा असते आणि त्यातून प्रवेश मिळाल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. तेही पदवीशिवाय नाही. मिहान या नागपूरच्या औद्योगिक क्षेत्रात ल्युपिन या औषध कंपनीचा कारखाना आहे, बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसी जवळ आहेत, म्हणजे या शिक्षणाचा उपयोग करायला नागपूर सोडलेच पाहिजे असेही नाही.

वेळेचा हिशेब मात्र डोळ्यांपुढे ठेवा. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अभ्यासक्रमात तिसऱ्या सत्राला आठवड्याला ३२ तास आहेत, त्यांतले १६ तास प्रॅक्टिकलचे, आणि एकेक प्रॅक्टिकल चार तासांचे. हजेरी ८० टक्के सक्तीची आहेच. शिवाय थिअरीच्या अंतर्गत गुणांमध्ये हजेरीचे जास्तीत जास्त चार गुण असतात आणि ते पूर्ण मिळायला ९५ टक्के हजेरी लागते. उमरेड ते नागपूर साधारण ४५ किलोमीटर. त्यात कॉलेज कामठीकडचे निघाले तर शहर आरपार ओलांडावे लागेल. पर्याय भरताना कॉलेजच्या नावाइतकाच बसचा मार्ग पाहा. माझ्या मते पहिले वर्षभर तरी शहरात खोली किंवा वसतिगृह घेतलेले बरे.

बर्डीचा दुकानदार

ताई, मी स्वतः औषध दुकान चालवतो, म्हणून मालकांच्या प्रस्तावाबद्दल स्पष्ट लिहितो: तो स्वीकारू नका. पगार कमी मिळेल हे कारण नाही. तुम्ही सकाळी दहा ते पाच वर्गात असाल त्या वेळेत दुकानात चिठ्ठीवर जे औषध दिले जाईल, ते कागदोपत्री तुमच्या देखरेखीखाली दिलेले असेल. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम ६५ नुसार चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायची असतात. भिंतीवर प्रमाणपत्र टांगून ठेवणे म्हणजे देखरेख नव्हे, जरी आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी तसे मानले जात असले तरी.

शेड्यूल एच-१ चे रजिस्टर तुम्ही पाहिलेच असेल. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीत क्षयरोगाची औषधे, वरच्या पिढीची अँटिबायोटिक्स, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल अशी औषधे आहेत. प्रत्येक विक्रीसाठी डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण लिहून ते रजिस्टर तीन वर्षे जपावे लागते. दुपारी दोन वाजता अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक आला आणि त्याच दिवशी, त्याच वेळी तुमची हजेरी कॉलेजच्या पटावर असली, तर त्या रजिस्टरचा जाब कोण देणार? मालकाचे लायसन्स काही दिवस निलंबित होईल आणि पुन्हा सुरू होईल. तुमचे नाव मात्र फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ३६ खाली नोंदवहीतून काढले जाऊ शकते. ज्या नोंदणीच्या जोरावर पुढचे सगळे उभे करायचे, तीच पणाला लावण्याइतकी संध्याकाळच्या पगाराची रक्कम मोठी नसते.

प्रवेश निश्चित झाला की लेखी राजीनामा द्या, त्यावर मालकांची पोच घ्या आणि फार्मासिस्ट बदलल्याची नोंद प्रशासनाकडे झाली आहे की नाही, हे स्वतः तपासा. मालक उद्या-परवा करत राहिले, तर राजीनाम्याची प्रत तुम्हीच प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात देऊन पोच घ्या. दिवसासाठी दुसऱ्या फार्मासिस्टची रीतसर नोंद करून तुम्हाला केवळ संध्याकाळी कामावर ठेवायला ते तयार असतील, तर विचार करता येईल; अर्थात आधी कॉलेजला विचारून.

रसायनवाली बाई

मी फार्मसी महाविद्यालयात केमिस्ट्री शिकवते आणि दरवर्षी तिसऱ्या सत्रात तुमच्यासारखी मुले-मुली माझ्या वर्गात येतात, तेव्हा अभ्यासाबद्दल मी लिहिते.

थेट प्रवेश घेणाऱ्यांना पहिल्या दोन सत्रांचे ५२ क्रेडिट (विषय पूर्ण केल्याचे श्रेयांक) दिलेले मानले जातात. कम्युनिकेशन स्किल्स आणि कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स हे दोनच विषय त्यांना वेगळे पूर्ण करावे लागतात. कागदावर हे सोयीचे आहे. पण दुसऱ्या सत्रातली ऑरगॅनिक केमिस्ट्री-१, म्हणजे नामकरण, एसएन-१ आणि एसएन-२ (प्रतिस्थापन अभिक्रियांचे दोन प्रकार), एलिमिनेशन, कार्बोनिल संयुगे हा सगळा भाग क्रेडिटमध्ये मिळतो, डोक्यात मिळत नाही. तिसऱ्या सत्राची ऑरगॅनिक केमिस्ट्री-२ थेट बेंझीनपासून सुरू होते आणि शिक्षक गृहीत धरतात की इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो हे तुम्हाला बाणांनी दाखवता येते. ज्यांना ते येत नाही ती मुले अभिक्रिया पाठ करतात. चौथ्या सत्रात मेडिसिनल केमिस्ट्री सुरू झाली की ते पाठांतर पुरत नाही.

तरीही तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी बारावीहून आलेल्यांकडे नसते, ती म्हणजे औषधांची ओळख. सालब्युटामॉलचा इनहेलर तुम्ही रोज देत असाल. त्याच्या नायट्रोजनवर टर्शरी-ब्युटिल हा मोठा गट बसवल्यामुळे ते हृदयातल्या बीटा-१ पेक्षा श्वासनलिकेतल्या बीटा-२ रिसेप्टरवर अधिक काम करते. आणि कॅटेकोल म्हणजे शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेले बेंझीनचे कडे; त्यातल्या एका हायड्रॉक्सिलच्या जागी हायड्रॉक्सिमिथिल आल्याने सीओएमटी हे विकर त्याला निकामी करू शकत नाही, म्हणून परिणाम ॲड्रिनॅलिनपेक्षा जास्त वेळ टिकतो. चौथ्या सत्रात हीच रचना आणि तिचे संश्लेषण परीक्षेला असते. औषध ओळखीचे असले की रचना लक्षात राहते. नुसती रचना पाहणाऱ्याला ती परकीच वाटते. फार्माकॉलॉजीत तर तुम्ही वर्गाच्या पुढे असाल.

गणिताची भीती थोडी जास्तच बाळगली जाते. फिजिकल फार्मास्युटिक्समध्ये लॉगॅरिदम, आलेखाचा उतार आणि प्राथमिक कलन एवढे आले की काम भागते. स्ट्रिपवर छापलेली एक्सपायरी कुठून येते, हे चौथ्या सत्रात शिकाल: पहिल्या कोटीची अभिक्रिया (जिचा वेग उरलेल्या औषधाच्या प्रमाणात असतो) असेल तर औषध ९० टक्के उरेपर्यंतचा काळ ०.१०५ भागिले के (अभिक्रियेचा वेग-स्थिरांक), आणि हा के तापमानाबरोबर वाढत जातो. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात बंद टेम्पोतून आलेल्या मालाकडे त्यानंतर तुम्ही निराळ्या नजरेने पाहाल. बर्नोलीचे प्रमेय आणि रेनॉल्ड्स अंक फार्मास्युटिकल इंजिनिअरिंगमध्ये भेटतील. तेथे गणितापेक्षा एककांचे घोळ जास्त गुण खातात.

विषय राहिलाच तर नियम समजून घ्या. थेट प्रवेशितांना तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या सत्राचे विषय सहाव्या सत्राच्या परीक्षेपर्यंत पुढे नेता येतात, पण तिसरे आणि चौथे सत्र पूर्ण सुटल्याशिवाय सातव्यात बसता येत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी अंतर्गत गुण धरून ५० टक्के लागतात. ४० ची सवय असलेल्यांना हा आकडा उशिरा कळतो.

उमरेडकन्या

सर्वांचे मनापासून आभार. लायसन्सचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. मालकांशी या आठवड्यात बोलते. बाई, प्रवेश होईपर्यंतच्या काळात मी काय वाचावे? आणि पगार बंद झाल्यावर फीचे काय, हाही प्रश्न उरतोच.

रसायनवाली बाई

कोणतेही जाडजूड पुस्तक आत्ता नको. अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील कार्बनी संयुगांची प्रकरणे काढा आणि प्रत्येक अभिक्रिया न पाहता बाणांसह वहीत लिहून पाहा. एवढे झाले की दुसऱ्या सत्राच्या जुन्या प्रश्नपत्रिकांमधले केवळ मेकॅनिझमचे (अभिक्रिया टप्प्याटप्प्याने कशी घडते याचे) प्रश्न सोडवा. मराठी माध्यमातून आल्या असाल तर उत्तरे पहिल्यापासून इंग्रजीत लिहा, कारण पेपर तीन तासांचा असतो आणि त्यात शब्द शोधायला वेळ नसतो.

अमरावती रोड

फीबाबत: २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या जागेला किंवा व्यवस्थापन कोट्याला ही सवलत नाही. म्हणून एखाद्या कॉलेजने फोन करून ‘फेऱ्या कशाला, थेट येऊन जागा घ्या’ असे सांगितले, तरी घाई करू नका. थेट द्वितीय वर्षासाठी सीईटी (प्रवेश परीक्षा) नसते, यादी डी.फार्म.च्या गुणांवर लागते. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत तेथे रांग फार असते.